ग्राफिक्स कार्डाचं मोल कशात मोजायचं?

दोन ग्राफिक्स कार्डं शेजारी ठेवून पाहू. पहिलं एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६०, २०२१ सालचं. त्यात गणित करणारी ३,५८४ छोटी केंद्रं आणि १२ जीबी मेमरी. दुसरं २०२३ मध्ये आलेलं आरटीएक्स ४०६०. त्यात केंद्रं ३,०७२ आणि मेमरी ८ जीबी. खोक्यावरचे आकडे वाचून कुणीही पहिल्यालाच सरस ठरवील. प्रत्यक्षात बहुतेक गेममध्ये दुसरं कार्ड साधारण १५ ते २० टक्के अधिक वेगानं चालतं, आणि तेही जवळपास एक तृतीयांश वीज कमी घेऊन. तरीही काही जड गेममध्ये चित्राचा दर्जा सगळ्यात वर नेला की हेच नवं कार्ड अडखळतं, आणि जुनं मात्र सुरळीत चालत राहतं. मग यातलं चांगलं कार्ड कोणतं?

बीदर, भालकी, बसवकल्याण, आळंद किंवा कलबुर्गीत पीसी जोडू पाहणाऱ्या घरांना हा प्रश्न मोठ्या शहरांपेक्षा जास्त जड जातो. पुण्या-मुंबईत चार दुकानं फिरून, कार्ड चालताना पाहून घेण्याची सोय असते. इथे बहुतेकदा न पाहताच मागवावं लागतं, आणि निवड चुकली तर ती तीन-चार वर्षं सोसावी लागते. म्हणून खरेदीआधीचा हिशेब पक्का हवा. खोक्यावरच्या कुठल्याही एका आकड्यात कार्डाचं मोल सापडत नाही. आपल्या पडद्यावर, आपल्या गेममध्ये आणि आपल्या खोलीतल्या हवेत जितक्या वर्षांसाठी जितक्या सुरळीत फ्रेम मिळतात, त्यांना किती रुपये पडले, यावर ते ठरतं. हे मोजता येतं, आणि त्यासाठी गुणाकार-भागाकारापलीकडचं गणित लागत नाही.

कार्डाच्या आत काय चालतं?

गेममधलं हलतं दृश्य म्हणजे भराभर बदलणारी स्थिर चित्रं. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात आणि एका सेकंदात किती फ्रेम तयार होतात त्या मापाला एफपीएस. १०८०पी पडद्यावर १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर दर सेकंदाला सव्वाबारा कोटींहून अधिक ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. प्रकाश, सावली, धूर, पाणी या सगळ्यांचं गणित त्यात आलं. मात्र एका ठिपक्याचं गणित बरंचसं शेजारच्या ठिपक्यावर अवलंबून नसतं, त्यामुळे हजारो ठिपक्यांचं काम एकाच वेळी वाटून देता येतं. संगणकाच्या मुख्य प्रोसेसरमध्ये मोजकी पण हुशार केंद्रं असतात. ग्राफिक्स कार्डात साधं काम करणारी हजारो असतात.

बीदर जिल्ह्यात साखर कारखाना कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कार्ड समजून घ्यायला तोच डोळ्यांसमोर आणू. केंद्रांची संख्या आणि त्यांचा वेग मिळून होते ती कारखान्याची गाळप क्षमता. कार्डावरची मेमरी म्हणजे उसाच्या गाड्या उभ्या राहतात तो गाडीतळ. गेममधल्या भिंती, कपडे, झाडं यांची चित्रं तिथे थांबलेली असतात. गाडीतळापासून गव्हाणीपर्यंतचा रस्ता म्हणजे मेमरीची बँडविड्थ, सेकंदाला किती माहिती पोचते ते माप. गव्हाणीतच पडलेल्या मोळ्या म्हणजे कॅशे, हाताशी ठेवलेला छोटा साठा. रस्ता अरुंद असेल तर गाळप क्षमता कितीही असो, गव्हाण रिकामी राहते आणि मिल थांबते. गाडीतळ मोठा, पण मिल जुनी असेल, तर उभ्या गाड्या पाहून साखर निघत नाही.

आता सुरुवातीचं कोडं सुटतं. ३०६० चा वेग सुमारे १.७८ गिगाहर्ट्झ, तर ४०६० चा २.४६. केंद्रांना वेगानं गुणलं तर कमी केंद्रं असूनही ४०६० ची गाळप क्षमता जवळपास १९ टक्क्यांनी जास्त भरते. त्या कार्डाचा रस्ता मात्र खरोखरच अरुंद आहे. सेकंदाला २७२ जीबी, तर ३०६० चा ३६० जीबी. ही उणीव कंपनीनं कॅशे ३ एमबीवरून २४ एमबीपर्यंत वाढवून भरून काढली, म्हणजे गव्हाणीतच जास्त मोळ्या ठेवल्या. राहिला गाडीतळ. गेमला ८ जीबीपेक्षा जास्त जागा लागली की उरलेला ऊस ऐन गाळपाच्या वेळी थेट फडातून आणावा लागतो, म्हणजे संगणकाच्या मुख्य मेमरीतून, मदरबोर्डवरच्या जोडणीमार्गे. ४०६० मध्ये या वाटेनं सेकंदाला जेमतेम १६ जीबी येतात, कार्डावरच्या रस्त्याच्या सतराव्या हिश्श्याइतके. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डवर तेही निम्मे होतात. त्या क्षणी चित्र अडकतं.

याचा स्वच्छ पुरावा २०२३ मध्येच मिळाला. आरटीएक्स ४०६० टीआय हे कार्ड ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत आलं. चिप तीच, रस्ता तोच, फरक फक्त गाडीतळाचा. अमेरिकेतला सुरुवातीचा भाव अनुक्रमे ३९९ आणि ४९९ डॉलर. बहुतेक गेममध्ये दोन्ही सारखीच धावली. मेमरीची भूक मोठी असलेल्या काही गेममध्ये मात्र ८ जीबीचं कार्ड अडखळू लागलं. मेमरीनं वेग वाढत नाही, पण ती संपली की वेग कोसळतो, हा त्यातून निघणारा नियम.

नाव एक, कार्डं दोन

नावावर विश्वास ठेवणं ही सगळ्यात महागडी चूक. जीटी १०३० नावाचं स्वस्त कार्ड आधी सेकंदाला ४८ जीबी रस्ता असलेलं होतं. २०१८ मध्ये त्याच नावानं दुसऱ्या जातीची मेमरी लावलेलं रूप आलं आणि रस्ता १६.८ जीबीवर, म्हणजे जवळपास एक तृतीयांशावर आला. खोक्यावर नाव तेच होतं. आरटीएक्स ३०५० चंही तसंच झालं. २०२२ च्या ८ जीबी कार्डात २,५६० केंद्रं आहेत, २०२४ च्या ६ जीबी कार्डात २,३०४, आणि रस्ता २२४ जीबीवरून १६८ जीबीवर उतरलेला. ‘दोनच जीबी तर कमी’ असं समजून घेणाऱ्याला प्रत्यक्षात वेगळंच कार्ड मिळतं.

लॅपटॉपमध्ये गोंधळ आणखी मोठा. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० निर्मात्याच्या मर्जीनुसार ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही विजेवर चालवलेलं असू शकतं. पातळ आणि देखण्या लॅपटॉपमधलं कार्ड त्याच नावाच्या जाड लॅपटॉपमधल्या कार्डापेक्षा बरंच मागे पडतं. म्हणून लॅपटॉप घेताना कार्डाच्या नावासोबत त्याला किती वॉट दिले आहेत, हे विचारलंच पाहिजे.

सरासरी पुरेशी का नाही?

मग आकडे सोडून प्रत्यक्ष एफपीएस पाहावेत, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, पण सरासरी एफपीएसही अर्धीच गोष्ट सांगतात. एका सेकंदात ६० फ्रेम देणारी दोन कार्डं घेऊ. पहिलं दर १६.७ मिलिसेकंदांनी एक फ्रेम देतं. दुसरं ५९ फ्रेम प्रत्येकी १३ मिलिसेकंदांत उरकतं आणि उरलेली एक फ्रेम द्यायला २३३ मिलिसेकंद लावतं. सरासरी दोघांचीही ६०. पण दुसऱ्या कार्डावर चित्र जवळपास पाव सेकंद गोठलं, आणि नेमका तेव्हाच समोरच्यानं नेम साधला असेल तर डाव गेला. अमेरिकेतील हार्डवेअर परीक्षक स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्ये प्रत्येक फ्रेमला लागणारा वेळ मोजून हेच दाखवून दिलं आणि तेव्हापासून कार्ड तपासण्याची रीत बदलली.

आज चांगल्या परीक्षणात सरासरीच्या शेजारी ‘एक टक्का नीचांक’ दिलेला असतो. सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचा वेग असा त्याचा ढोबळ अर्थ. मिनिटभरात ३,६०० फ्रेम तयार झाल्या तर त्यातल्या सगळ्यात वाईट ३६ कशा होत्या, हे तो सांगतो. सरासरी ९० आणि नीचांक ३५ असलेल्या कार्डापेक्षा सरासरी ८० आणि नीचांक ६२ असलेलं कार्ड खेळायला सुखाचं. गाडीतळ अपुरा असला की पहिला फटका याच आकड्याला बसतो, सरासरीला नाही.

दोन कार्डं, तीन उत्तरं

आता रुपयांकडे वळू. समजण्यासाठी काल्पनिक भाव धरू. ‘अ’ कार्ड २६,००० रुपयांचं, आपल्या आवडत्या गेममध्ये ८० एफपीएस देणारं. ‘ब’ कार्ड ३२,००० चं, ९२ एफपीएस देणारं. सरळ भागाकार केला तर ‘अ’ ची फ्रेम ३२५ रुपयांना पडते आणि ‘ब’ ची ३४८ रुपयांना. म्हणजे ‘अ’ सरस.

पण कार्ड एकटं चालत नाही. नवा पीसी जोडताना बाकीच्या सामानाला ४०,००० लागणार असतील तर ‘अ’ सह एकूण खर्च ६६,००० आणि दर फ्रेमला ८२५ रुपये. ‘ब’ सह ७२,००० आणि दर फ्रेमला ७८३. उत्तर उलटलं. आणि पडदा ७५ हर्ट्झचा असेल, म्हणजे सेकंदाला ७५ पेक्षा जास्त चित्रं दाखवूच शकत नसेल, तर दोन्ही कार्डांच्या वरच्या फ्रेम डोळ्यांपर्यंत पोचतच नाहीत. मग नुसत्या कार्डाच्या भावात ‘अ’ ची उपयोगी फ्रेम ३४७ ला आणि ‘ब’ ची ४२७ ला पडते, आणि संपूर्ण पीसी धरला तरी ‘अ’ च स्वस्त. त्याच दोन कार्डांची ही वेगवेगळी उत्तरं आहेत आणि आपापल्या जागी तिन्ही खरी आहेत. ‘सर्वोत्तम कार्ड कोणतं’ या प्रश्नाला एकच उत्तर मिळत नाही, त्याचं कारण हेच.

स्पर्धात्मक खेळणाऱ्यांचा यावर आक्षेप असतो. पडद्याच्या मर्यादेपेक्षा जास्त एफपीएस असले तर माउस हलवल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा वेळ थोडा कमी होतो, असं ते म्हणतात. ते खरं आहे. पण अशा गेमना मुळात महाग कार्ड लागत नाही. २०२० मध्ये व्हॅलोरंट आला तेव्हा त्याच्या निर्मात्यांनी सेकंदाला १४४ फ्रेमसाठी सुचवलेलं कार्ड होतं २०१६ सालचं जीटीएक्स १०५० टीआय. अशा गेममध्ये वेग बहुधा प्रोसेसरपाशी अडतो. हे घरबसल्या तपासता येतं. गेममधलं रिझोल्यूशन कमी करून पाहावं. एफपीएस लक्षणीय वाढले तर कार्ड अडवत होतं. जागचे हलले नाहीत तर प्रोसेसर अडवतो आहे, आणि नव्या कार्डावर घातलेला पैसा वाया जाणार आहे.

तयार केलेल्या आणि भरलेल्या फ्रेम

जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी लास व्हेगासच्या मंचावरून सांगितलं की ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे १,५९९ डॉलरच्या आरटीएक्स ४०९० इतकी कामगिरी देईल. या तुलनेत ५०७० नं गणित करून तयार केलेल्या फ्रेमसोबत मधे भरलेल्या फ्रेमही मोजल्या होत्या. दोन खऱ्या फ्रेम हाताशी आल्या की त्यांच्यामधल्या फ्रेम अंदाजानं बनवून भरायच्या, हे तंत्र आता सर्रास वापरलं जातं. चालणं, गाडी चालवणं अशी दृश्यं त्यानं खरोखर सुरळीत दिसतात. पण पुढची खरी फ्रेम येईपर्यंत थांबल्याशिवाय मधली बनत नाही, म्हणून प्रतिसादाला उशीरच लागतो. मुळात ३० एफपीएस असलेला गेम ९० दाखवू लागला तरी हाताला तो ३० चाच लागतो. तेव्हा जाहिरातीतल्या तक्त्यात ‘फ्रेम जनरेशन चालू’ अशी बारीक अक्षरं दिसली तर तो आकडा वरच्या भागाकारात घेऊ नये.

छोट्या आकाराचं चित्र तयार करून ते हुशारीनं मोठं करण्याचं तंत्र मात्र वेगळं आहे. एनव्हिडियाचं डीएलएसएस, एएमडीचं एफएसआर आणि इंटेलचं एक्सईएसएस ही त्याची नावं. यात कार्डाचं काम खरंच कमी होतं आणि प्रतिसादही सुधारतो. त्याचा दर्जा कार्डाच्या मोलात धरणं योग्य आहे.

आपल्या भागाचा हिशेब

परीक्षणं बहुधा थंड खोलीत होतात. कार्डाचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक कार्डानं स्वतः निर्माण केलेली वाढ. २२ अंशांच्या खोलीत ६८ अंशांवर राहणारं कार्ड, मे महिन्यात कलबुर्गीतल्या ४० अंशांच्या खोलीत साधारण ८६ पर्यंत जाईल. तिथून पुढे बहुतेक कार्डं स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतात आणि पंखे घोंघावू लागतात. म्हणजे परीक्षणात मोजलेल्या फ्रेम आपल्याला उन्हाळ्यात मिळतीलच असं नाही. यासाठी आपल्याकडे सारख्या कामगिरीच्या दोन कार्डांत कमी वॉटचं कार्ड घ्यावं, आणि एकाच कार्डाच्या दोन रूपांत मोठ्या पंख्यांचं व जाड हीटसिंकचं. ३०६० ला १७० वॉट लागतात आणि ४०६० ला ११५. हा फरक इथे विजेच्या बिलापेक्षाही उष्णतेसाठी मोलाचा आहे.

बिलाचाही विचार हवाच. गेम चालू असताना २५० वॉट घेणारा पीसी रोज चार तास वापरला तर महिन्याला ३० युनिट होतात. कर्नाटकात २०२३ पासून लागू असलेल्या गृहज्योती योजनेत घराच्या आधीच्या सरासरी वापरावर थोडी भर घालून मोफत युनिट ठरतात, आणि वापर २०० च्या वर गेला की पूर्ण बिल भरावं लागतं. १८० युनिटच्या आसपास असणाऱ्या घराला हे ३० युनिट चांगलेच जाणवतील. विजेचा दाब वर-खाली होत असेल तर नामांकित कंपनीचा पॉवर सप्लाय आणि यूपीएस यांचा खर्च कार्डाच्या किमतीतच धरावा.

तिसरी बाब वॉरंटीची. बीदरहून हैदराबाद दीडशे किलोमीटरच्या आत आहे, बेंगळुरू सातशेच्या घरात. कलबुर्गीकरांना हैदराबाद आणि सोलापूर जवळ. ज्या कंपनीचं सेवा केंद्र एका दिवसात गाठता येतं, तिच्या कार्डाला हजारभर रुपये जास्त देणं हा शहाणपणाचा व्यवहार आहे. राज्याची सीमा ओलांडून कर वाचतो, हा मात्र गैरसमज. ग्राफिक्स कार्डावर १८ टक्के जीएसटी आहे आणि तो कर्नाटक, तेलंगण, महाराष्ट्र सगळीकडे सारखाच आहे. बिनबिलाचं कार्ड स्वस्त पडतं, कारण त्यासोबत वॉरंटी मागण्याचा हक्क आपण सोडून दिलेला असतो.

जुनं घ्यावं का? पुढच्यासाठी मोठं घ्यावं का?

वापरलेलं कार्ड सगळ्यात किफायतशीर, असं अनेक जण सांगतात, आणि फ्रेममागे रुपये मोजले तर ते बऱ्याचदा खरंही ठरतं. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनानं आपली पद्धत बदलली, कार्डांवर त्याचं खाणकाम बंद झालं आणि जगभर वापरलेली कार्डं बाजारात आली. पण भागाकारात खाली उरलेली वर्षंही धरायला हवीत. पंखे झिजलेले असतात, वॉरंटी संपलेली असते. शिवाय काही नवे गेम जुन्या कार्डांना दारातच अडवतात. डिसेंबर २०२४ चा ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ चा ‘डूम: द डार्क एजेस’ यांना प्रकाशकिरणांचं गणित चिपमध्येच करणारी, म्हणजे रे ट्रेसिंगची सोय असलेली कार्डं सक्तीची आहेत. जीटीएक्स १६६० सुपरसारखं एकेकाळचं लाडकं कार्ड तिथे कमी पडतं. वापरलेलं घ्यायचंच असेल तर समोर अर्धा तास जड गेम चालवून, तापमान पाहून, मूळ बिल हातात घेऊनच घ्यावं.

‘भविष्यासाठी आत्ताच मोठं घेऊ’ हा दुसरा सल्ला अर्धाच खरा आहे. वेग कमी पडला तर सावल्या, गवत, प्रतिबिंबं यांचा दर्जा उतरवून वर्ष-दोन वर्षं सहज काढता येतात. मेमरीच्या बाबतीत एवढी मोकळीक नसते. पीएस ५ आणि एक्सबॉक्स सीरीज एक्स हे खेळसंच नोव्हेंबर २०२० मध्ये १६ जीबी सामायिक मेमरी घेऊन आले आणि मोठे गेम त्या मापानं बनू लागले. म्हणून भविष्यासाठी पैसे घालायचेच असतील तर ते वरच्या श्रेणीच्या नावाऐवजी मेमरीवर घालावेत. डिसेंबर २०२४ मध्ये इंटेलनं आर्क बी५८० हे कार्ड २४९ डॉलरला १२ जीबी मेमरीसह आणलं. मध्यम किमतीत पुरेशी मेमरी देता येते, हे त्यानं दाखवलं.

थोडक्यात: कार्ड मागवण्यापूर्वी

- पडद्याचं रिझोल्यूशन आणि हर्ट्झ लिहून ठेवा. त्यापलीकडच्या फ्रेमसाठी पैसे देऊ नका.
- आपण खेळतो त्याच तीन-चार गेमचे आकडे पाहा. सरासरीसोबत एक टक्का नीचांक पाहा.
- फ्रेम जनरेशन बंद असतानाचाच आकडा धरा.
- पूर्ण नाव, मेमरी, बँडविड्थ आणि वॉट जुळवून पाहा. लॅपटॉपमध्ये वॉट आवर्जून विचारा.
- नव्या पीसीसाठी संपूर्ण खर्चाला, जुन्या पीसीसाठी फक्त कार्ड आणि पॉवर सप्लायच्या खर्चाला उपयोगी फ्रेमनी भागा.
- उन्हाळा, वीज आणि सेवा केंद्राचं अंतर हिशेबात धरा. पक्कं बिल घ्या.

घरात साधा १०८०पी पडदा असेल आणि संध्याकाळचे दोन-तीन तास खेळ होत असेल, तर या सगळ्या हिशेबातून बहुधा मधल्या किमतीचं, कमी वॉटचं आणि ८ जीबीहून अधिक मेमरीचं कार्डच पुढे येतं. त्याहून महाग कार्ड घ्यायचं तर आधी पडदा बदलावा लागतो. तेवढी तयारी नसेल तर उरलेले पैसे चांगल्या पॉवर सप्लायला आणि हवा खेळत्या कॅबिनेटला द्यावेत. नव्या कार्डांची नावं दरवर्षी बदलत राहतील, पण वरचा हिशेब तसाच लागू राहील. तो एकदा कागदावर मांडा, आणि मगच मागणी नोंदवा.